सलाफहादाच्या मुली आणि वनहक्काचा दावा
शास्त्रवाचन: गणना 27:1–11

सलाफहाद रानात मरण पावला. त्याला मुलगा नव्हता. त्याच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे आणि सर्व मंडळीसमोर उभ्या राहिल्या व त्यांनी वडिलांचा जमिनीचा वाटा मागितला. मोशेने त्यांचे म्हणणे परमेश्वरापुढे नेले. परमेश्वराने ते योग्य ठरवले आणि इस्राएलासाठी तोच नियम झाला.

पाड्यांवर वनहक्काचे दावे भरताना मला हा अध्याय आठवतो. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाचा हक्क, जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत, मान्य होतो. दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. बाई एकटीच कुटुंबप्रमुख असेल तर तिच्या नावे. ही जमीन वारसांना मिळते, पण विकता येत नाही.

तरीही फॉर्मवर बायकोचे नाव राहून जाते. विधवेला दीर सांगतो, “तुझं वेगळं कशाला?” ती सभेत मागे बसते, गप्प राहते.

मोशेने त्या बहिणींना परत पाठवले नाही. मंडळीनेही पाठवू नये. तिच्यासोबत ग्रामसभेला जावे. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरला जातो. तो लिहून घ्यायला मदत करावी. निर्णय मान्य नसेल तर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते, हे तिला सांगावे.

मननासाठी: आपल्या मंडळीत कोणाचे म्हणणे अजून पुढे नेलेले नाही?