टंगस्टन आणि तांबे

मांडवगण फराट्यास थंडीत काही घरी अजून तांब्याचा बंब पेटतो. आत पाणी आहे तोवर तांब्यास भय नाही. पाणी आटले की सांधे सुटतात.

डॉ. होमी भाभा यांनी १९५५ साली जिनीव्हा येथे भाकीत केले, की वीस वर्षांत अणूंच्या संलयनाची शक्ती माणसाच्या ताब्यात येईल. सूर्य तळपतो तो याच शक्तीने. ती मुदत केव्हाच उलटली. अडचणी अनेक निघाल्या; त्यांपैकी एक सांध्याचीच!

फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘ईटर’ या संलयन-भट्टीत भारतही भागीदार आहे. तीत सुमारे १५ कोटी अंश तापलेला वायू चुंबकांच्या बळाने अधांतरी ठेवावयाचा आहे. तरी तळाला त्याची झळ लागणारच. म्हणून तेथे टंगस्टनचे ठोकळे योजिले आहेत. हा धातू ३४२२ अंशांवर वितळतो. तांबे १०८५ अंशांवरच. मग तांबे हवे कशाला? उष्णता झटपट वाहून नेण्यात ते फार पटाईत. ठोकळ्याच्या पोटातून तांब्याच्या मिश्रधातूची नळी जाते व तीतून पाणी खेळते.

परंतु तापल्यावर तांबे टंगस्टनच्या जवळजवळ चौपट प्रसरण पावते. सांधा तडकला, की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. यास्तव दोहोंमध्ये मऊ, शुद्ध तांब्याचा थर घालतात. तो ओढाताण सोसतो. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत अशा नमुन्यांवर इलेक्ट्रॉनांचा झोत पुनःपुन्हा सोडून सांधा पारखला जातो.