जामीनकीचा रकाना

घरखर्चाची वही मी लग्न झाल्या वर्षापासून नेमाने लिहीत आले आहे, आणि हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्यावर जो प्रसंग ओढवला त्यानंतर आप्तांपैकी काही मंडळींनी ‘दोघेही मिळवते असून यांना घरचा साधा ताळमेळ राखता आला नाही’ असा शेरा मारण्यास कमी केले नाही. वस्तुस्थिती अशी की, किराणा, दूध, घरकर्जाचा हप्ता, मुलीच्या शिकवणीची फी आणि सासूबाईंची औषधे यांचा पै न् पै हिशेब त्या वहीत होता. विमा, घरपट्टी आणि जूनमधली शाळेची खरेदी अशा वर्षातून एकदाच उगवणाऱ्या खर्चांची बेरीज करून तिचा बारावा भाग दरमहा आवर्ती ठेवीत टाकण्याची शिस्तही आम्ही पाळत होतो, आणि सकाळी साडेसातला घर सोडणाऱ्या दोन माणसांना महिनाअखेर रात्रीची झोप लागते ती याच शिस्तीमुळे, असे माझे आजही मत आहे. वहीत नव्हती ती एकच गोष्ट, आणि ती बहुधा कोणाच्याच वहीत नसते.

ऑगस्टचे पगारपत्रक यजमानांनी नेहमीप्रमाणे माझ्या पुढ्यात ठेवले. कपातीच्या बाजूला भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर यांच्या खाली एक नवी ओळ छापून आली होती, ‘पतसंस्था – जामीन वसुली’, आणि पुढे रक्कम होती सहा हजार चारशे. प्रथम आम्हांला वाटले की लेखाशाखेत कोणाच्या तरी नजरचुकीने दुसऱ्याची कपात आमच्या माथी आली असावी. पण यजमान बोलता बोलता मध्येच थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळून चुकले की ही नजरचूक नव्हे. काही वर्षांपूर्वी कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या कर्जरोख्यावर त्यांनी मधल्या सुट्टीत सही केलेली होती.

त्या सहीबद्दल मी यजमानांना दोष देत नाही व इतरांनीही देऊ नये. पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचा सारा व्यवहारच परस्परांच्या जामीनकीवर चालतो. आमच्या घराचा स्लॅब पडला तो ज्या कर्जातून, त्याच्या कागदावरही दोन परक्या माणसांच्याच सह्या होत्या, आणि त्या कर्जाचा शेवटचा हप्ता आम्ही मुदतीपूर्वी फेडला होता. दोष असेल तर तो ज्याने त्या सहीचे मोल ओळखले नाही त्याचा. हे गृहस्थ दीर्घ बिनपगारी रजा टाकून पुण्याला चिरंजीवांकडे राहावयास गेले, आणि पगारच निघेनासा झाल्यावर कपात व्हायची कशातून? मी स्वतः फोन केला तेव्हा अत्यंत मधाळ स्वरात उत्तर आले, ‘वहिनी, तुम्ही अजिबात काळजी करू नका, दिवाळीपर्यंत सगळं नील करतो.’ दिवाळी गेली. पुढे फोन त्यांच्या पत्नी उचलू लागल्या, आणि कोणत्याही प्रहरी विचारले तरी ‘हे पूजेला बसलेत’ हेच उत्तर मिळू लागले. आमच्या पगारातून कपात चालू असतानाच चिरंजीवांच्या विवाहाची सोनेरी काठांची निमंत्रणपत्रिका घरी आली, तीत एका प्रशस्त मंगल कार्यालयाचा पत्ता होता आणि तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ अशी विनंती होती. एवढे औदार्य ज्यांना परवडते त्यांना आमचे सहा हजार चारशे परवडू नयेत, हे कोडे मला अद्याप उलगडलेले नाही.

पतसंस्थेच्या सचिवांकडे गेल्यावर त्यांनी आवाज न चढवता जो खुलासा केला, तो प्रत्येक सहीबहाद्दराने सही करण्यापूर्वी ऐकावा. ‘ताई, आम्हांला कर्जदार आणि जामीनदार सारखेच.’ १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात अन्यथा ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराची मालमत्ता धुंडाळा आणि मग माझ्याकडे या, असे म्हणण्याचा अधिकार त्याला आपोआप मिळत नाही. पगारातून परस्पर कपात करण्याचे संमतिपत्र सभासद कर्जाच्या कागदांबरोबरच देऊन बसतो, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ ने त्याला बळ दिले आहे. कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. दुसरे जामीनदार आधीच निवृत्त झाले होते. त्यांचा पगार नाही म्हणून कपात नाही, आणि सारा भार एकट्या आमच्यावर. वास्तविक सहजामीनदारांनी आपसात तो समसमान वाटून घ्यावा असे त्याच करार कायद्याचे कलम १४६ सांगते, पण धनकोला त्याच्याशी कर्तव्य नसते. तो ज्याच्या खिशाला हात सहज पोहोचतो त्याच्याकडून घेतो.

आता वहीच्या शेवटच्या पानावर मी एक रकाना आखला आहे, आणि आपणही आखावा. कोणासाठी, किती रकमेला, किती मुदतीसाठी सही दिली, दुसरा जामीनदार कोण आणि तो निवृत्त केव्हा होतो, हे त्यात लिहावे; ही शेवटची बाब क्षुल्लक वाटते, पण आमचे निम्मे नुकसान तिच्यामुळेच झाले. कर्जरोखा व जामीनपत्र यांच्या प्रती सही करतानाच मागून घ्याव्यात, नंतर त्या सापडत नाहीत. मार्चअखेर संस्थेकडून त्या कर्जाच्या येणे बाकीचा लेखी दाखला घ्यावा. हप्ता थकल्याचे पगारपत्रकातून कळण्यापेक्षा दाखल्यातून कळणे केव्हाही बरे. कर्ज बँकेचे असल्यास आपल्या पतअहवालातही जामीनकीची नोंद दिसते, आणि तो अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. आपल्याला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर त्यापुढील व्यवहारांपुरते जामीनदार मोकळा होतो असे कलम १३३ म्हणते खरे, परंतु पुष्कळ छापील जामीनपत्रांत हा हक्क आपण आधीच सोडून दिलेला असतो, तेव्हा बारीक अक्षरे वाचावीत. बाकी अंथरूण पाहून पाय पसरावेत, गरजेपुरती शिल्लक बाजूला ठेवावी वगैरे उपदेश सर्वांनाच ठाऊक आहे. आम्ही तो पाळतही होतो.

पैसे भरावेच लागले तर प्रत्येक रकमेची पावती ‘जामीनदार म्हणून भरणा’ असा स्पष्ट उल्लेख करवून घ्यावी, कारण कलम १४५ प्रमाणे योग्य रीतीने भरलेली रक्कम कर्जदाराकडून परत मागण्याचा हक्क जामीनदारास आहे आणि तो सिद्ध होतो या कागदांवरच. त्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असून, ती मोजायची रक्कम भरल्या दिवसापासून. ओळखीपाळखीची भीड आणि ‘करतो, करतो’ ही आश्वासने यांत ती सहज निघून जाते, आणि समोरचा नेमका त्याचीच वाट पाहत असतो. आमचा दावा मुदतीत दाखल झालेला आहे. आपल्यापैकी कोणी दुसऱ्याचे हप्ते भरून भिडेखातर स्वस्थ बसले असेल, तर त्याने पहिल्या पावतीवरची तारीख आजच काढून पाहावी.