विमानाच्या तिकिटापुरती पोर्तुगीज

पेडणे व डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पोर्तुगीज अंमलाखाली गेले. १९ डिसेंबर १९६१ रोजी ती राजवट संपली. काही शब्द मात्र येथील बोलण्यात राहिले. जुन्या जन्मनोंदीच्या कामासाठी वा आप्तांच्या भेटीसाठी लिस्बनला जाणाऱ्यांस ते उपयोगी पडतात. मोपा विमानतळावर मराठी-कोकणीत भागते. परतीचे तिकीट लिस्बनमध्ये काढावयाचे झाल्यास चार वाक्ये यावीत.

'केरीआ उं बिल्येत पारा गोआ' म्हणजे 'गोव्याचे एक तिकीट हवे होते'. येथील भूतकाळ मराठीप्रमाणेच विनयाचा आहे. 'ईदा इ वॉल्ता' म्हणजे जाऊन-येऊन, 'सो ईदा' म्हणजे केवळ जाण्याचे. 'क्वांतु कुश्ता?' असे विचारून किंमत कळते. 'जनेला' म्हणजे खिडकी. कोकणीतील जनेल तेच. 'पागार' हे मात्र तेथे क्रियापद असून त्याचा अर्थ पैसे चुकते करणे असा आहे. आपला पगार त्यातूनच आला.

खरी अडचण वारांची. पोर्तुगीज गणना रविवारपासून होते. 'सेगुंदा-फैरा', म्हणजे दुसरा वार, हा सोमवार. 'किंता-फैरा', म्हणजे पाचवा, हा गुरुवार. सोमवारपासून मोजणारा त्यास शुक्रवार समजेल आणि विमान आदल्या दिवशीच निघून गेलेले असेल. यास्तव वाराबरोबर तारीखही सांगावी: 'दिया किंझ', पंधरा तारीख.

'आपेलीदु' विचारल्यास आडनाव सांगावे, तेही पारपत्रातील अक्षरांनुसार. जुन्या पोर्तुगीज दाखल्यांवर कामतांचे 'कामोतीं' झालेले आढळते. निघताना पुरुषाने 'ओब्रिगादु' व स्त्रीने 'ओब्रिगादा' म्हणून आभार मानावेत.