मिश्र जातीच्या कोंबडीची पारख

कोंबडीचें रूप पाहून तिचें कुळ ओळखणें ही केवळ करमणूक नव्हे. मध्य प्रदेशांतील झाबुआ व अलिराजपूर या भागांत भिल्ल लोकांनीं पिढ्यानपिढ्या सांभाळलेली कडकनाथ जात इतर कोंबड्यांहून महाग विकली जाते. तेव्हां कोणी काळी कोंबडी पुढें करून ती अस्सल कडकनाथ असल्याचें सांगितल्यास गरीब शेतकऱ्यानें पैसे मोजावे कीं नाहीं? काळा रंग एवढा पुरावा पुरेसा आहे काय? या प्रश्नाचा आपण येथें विचार करूं.

ग्रेगोर मेंडेल यानें वाटाण्यावर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम इ. स. १८६६ मध्यें प्रसिद्ध केले. तेच नियम प्राण्यांसही लागू पडतात, हें विल्यम बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञानें इ. स. १९०२ मध्यें कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून दाखविलें. बहुतेक गुणांचा एक अंश पिलास बापाकडून व एक आईकडून मिळतो. हे दोन अंश भिन्न असल्यास प्रबळ अंश अंगावर दिसतो. दुर्बळ अंश लपून राहतो, परंतु नाहींसा होत नाहीं.

तुऱ्याचेंच उदाहरण घेऊं. लेगहॉर्नचा तुरा सामान्यतः एकेरी व करवतीसारखा दातेरी असतो. वायनडॉटचा चपटा व खडबडीत, म्हणजे गुलाबतुरा. आणि ब्रह्माचा तीन बुटक्या रांगांचा, म्हणजे वाटाणातुरा. गुलाबतुरा व वाटाणातुरा हे दोन्ही एकेरी तुऱ्यावर प्रबळ आहेत. शुद्ध वायनडॉट व शुद्ध ब्रह्मा यांच्या पिलांस दोघांहूनही निराळा, अक्रोडाच्या गरासारखा तुरा येतो. अशा पिलांचा पुढें आपसांत संयोग झाल्यास सरासरीनें दर १६ पिलांत ९ अक्रोडतुऱ्याचीं, ३ गुलाबतुऱ्याचीं, ३ वाटाणातुऱ्याचीं व १ एकेरी तुऱ्याचें निघतें. या शेवटच्या पिलाच्या आईबापांपैकीं एकाचाही तुरा एकेरी नसतो!

इतर खुणाही अशाच बोलक्या आहेत. पायांवरील पिसें ब्रह्मा किंवा कोचीन यांची, तर पायाचें पांचवें बोट डॉर्किंग किंवा सिल्की यांची आठवण देतें. उघड्या मानेच्या जातीशीं संकर झाला असल्यास उघड्या मानेच्या पुढील बाजूस पिसांचा झुबका राहतो. पायांचा व कातडीचा पिवळेपणा हा दुर्बळ गुण असल्यामुळें तो दिसल्यास आई व बाप या दोघांकडूनही आला असें समजावें. हा गुण पाळीव कोंबड्यांत राखी रानकोंबड्यापासून आला, असें इ. स. २००८ मध्यें दाखविण्यांत आलें. हा पक्षी आपल्या सह्याद्रीच्या रानांतही राहतो.

आतां कडकनाथाकडे वळूं. त्याची कातडी, तुरा, जीभ व आंतील अवयवही काळसर असतात. सिल्की जातींतही असाच काळेपणा आढळतो. तिच्यावरील प्रयोग बेटसन व पनेट यांनीं इ. स. १९११ मध्यें प्रसिद्ध केले. सिल्की नर व तपकिरी लेगहॉर्न मादी यांच्या संततींत माद्यांची कातडी गडद काळी, नरांची मात्र फिकट निघाली. उलट, नर लेगहॉर्न व मादी सिल्की असतां नरमादी दोन्ही फिकट निघालीं. काळेपणास अटकाव करणारा लेगहॉर्नचा अंश लिंगाशीं निगडित आहे; आई तो केवळ आपल्या पुत्रांस देते, तर बाप तो पुत्र व कन्या दोघांसही देतो. म्हणून कातडीनें काळी असलेली मादी संकरितही असूं शकते.

यास्तव आमचें सांगणें असें, कीं एकाच खुणेवर निवाडा करूं नये. कडकनाथाचा तुरा एकेरी, बोटें चार व पाय बिनपिसांचे असतात. काळ्या पक्ष्यास शेंडी, पांचवें बोट किंवा पायांवर पिसें दिसल्यास परकें रक्त आहे असें समजावें. खुणा जुळल्या तरी शक्य तर त्याच कोंबडीचे भाऊ व तिचीं पिलेंही पाहावीं. जें अंगावर लपतें तें बहुधा संततींत प्रकट होतें. अशी पारख करणारा शेतकरी स्वतः फसत नाहीं, आणि भिल्लांनीं राखलेलें एक जुनें बीजही भेसळीपासून वांचवितो.