द्राक्षाची साल, द्राक्षाची बी आणि मनुष्याची त्वचा

माघ-फाल्गुनात मुकुंदवाडीच्या बाजारात हातगाड्यांवर द्राक्षांचे ढीग लागतात. घड घरी आणावा, धुवावा, गर खावा आणि बी लागलीच तर थुंकून टाकावी, एवढाच या फळाशी आपला व्यवहार. परंतु अलीकडे दुकानांत द्राक्षाचा साबण, द्राक्षाचे मलम, द्राक्षबीचे तेल अशा वस्तू मांडलेल्या दिसतात, आणि त्यांच्या वेष्टनांवर 'नैसर्गिक' हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो. यांतील गुण द्राक्षाचा किती आणि वेष्टनाचा किती, याचा विचार शाळेत शिकलेल्या रसायनशास्त्राच्या व शरीरशास्त्राच्या आधारे करावा असे आम्ही योजिले आहे. विद्यार्थिनींनी हा लेख विशेष लक्षपूर्वक वाचावा. कारण या वस्तूंच्या जाहिराती मुख्यत्वे त्यांस उद्देशूनच केलेल्या असतात.

प्रथम हे सांगावयास हवे की, द्राक्ष आपल्या भागास नवे नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादेस आला होता. तेथे द्राक्षे व डाळिंबे होतात आणि त्यांस वर्षातून दोनदा फळ येते, असे त्याने लिहून ठेविले आहे. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपी जातो. आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून आजही आपले बागाईतदार वेलाची छाटणी वर्षातून दोनदा करितात. एप्रिलातील ती खरड छाटणी, तीत काडी तयार व्हावयाची. आणि ऑक्टोबरातील ती गोडी छाटणी, तीत फळ धरावयाचे. हल्ली फळ मात्र एकदाच घेतात. मुकुंदवाडीच्या स्टेशनावरून पूर्वेस जाणारी गाडी जालन्याला जाते. त्या जालना तालुक्यात कडवंची नावाचे गाव आहे. तेथे १९९६ नंतर पाणलोटाची कामे झाली, शेततळी खोदली गेली, आणि कोरडवाहू रानांत द्राक्षाचे मांडव उभे राहिले. उलट दिशेची गाडी मनमाडावरून नाशिकास पोहोचते, आणि आमचा खरा विषय तेथे सुरू होतो.

नाशिकची द्राक्षे खाण्याकरिता फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. वाइनचा धंदा तेथे अलीकडचा. राजीव सामंत यांनी १९९९ साली 'सुला' ही संस्था काढिली. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षापासून वाइन करण्याच्या धंद्यास उत्तेजन देणारे धोरण जाहीर केले. निफाड तालुक्यात विंचूर येथे या धंद्याकरिता स्वतंत्र औद्योगिक क्षेत्र आखले गेले. वाइन पिण्याच्या बऱ्यावाईटपणाशी या लेखास कर्तव्य नाही. आम्हांस पाहावयाचे आहे ते रस काढून घेतल्यावर मागे उरते ते. एक टन द्राक्षे दाबली असता सुमारे दोनशे किलो ओला चोथा उरतो. त्यात साली असतात, देठ असतात आणि बिया असतात. पुष्कळसा चोथा खतात जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण दुकानदार ती सांगत नाही. आपण खातो ती थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका ही द्राक्षे बिनबियांची आहेत. त्यांच्यापासून द्राक्षबीचे तेल निघणे शक्यच नाही. बी असते ती वाइनकरिता लाविलेल्या शिराझ, कॅबरने सोविन्यॉन, शेनिन ब्लाँ यांसारख्या जातींत. म्हणजे द्राक्षबीचे तेल हे बाजारातल्या घडाचे अपत्य नसून वाइनच्या चोथ्याचे आहे. वाळलेल्या बियांत शंभर भागांस दहा ते वीस भाग तेल असते, आणि घाण्यावर दाबून काढावयाचे तर तेवढेही हाती लागत नाही.

हा चोथा त्वचेच्या उपयोगी आणण्याची कल्पना फ्रान्स देशातील बोर्डो प्रांतात पुढे आली. १९९३ साली तेथील विद्यापीठाचे औषधिशास्त्राचे अध्यापक जोसेफ व्हेरकोतरां हे एका मळ्यावर द्राक्षतोडणी पाहावयास गेले होते. मळा मथिल्ड तोमा या बाईंच्या आईवडिलांचा होता. टाकून दिलेल्या बिया पाहून, तुम्ही मोठा ठेवा फेकून देत आहां, अशा आशयाचे अध्यापक बोलले. बाईंनी व त्यांच्या पतींनी ते मनावर घेतले आणि १९९५ साली 'कोदाली' या नावाने द्राक्षबीपासून केलेली मलमे विकण्यास आरंभ केला. त्यानंतर द्राक्षस्नान, द्राक्षलेप यांची एक चालच पडली, आणि जगात जेथे जेथे वाइन होते तेथे तेथे ती पसरत गेली.

अध्यापकांनी ज्यास ठेवा म्हटले तो ठेवा कोणता? बीमध्ये दोन निरनिराळ्या वस्तू आहेत आणि त्यांची गल्लत सर्रास केली जाते. एक तेल, दुसरी तुरट द्रव्ये. द्राक्षाची बी चावली असता जीभ आखडते, तो या तुरट द्रव्यांचा प्रताप होय. हवेतील प्राणवायूमुळे व उन्हामुळे शरीरातील द्रव्यांची जी नासाडी होते तिला ही द्रव्ये आळा घालतात, असे परीक्षानळीत स्पष्ट दिसते. बोर्डोच्या अध्यापकांचे लक्ष यांच्यावरच होते. परंतु ही द्रव्ये पाण्यात व मद्यार्कात विरघळतात. तेलात विरघळत नाहीत. म्हणून बी घाण्यात घातली की तेल बाटलीत येते आणि तुरट द्रव्ये बहुतेक सगळी पेंडीत राहतात. तेलाच्या बाटलीवर जेव्हा या द्रव्यांची स्तुती छापलेली आढळते, तेव्हा वाचणाऱ्याने पेंडीची स्तुती तेलाच्या नावावर खपविली जात आहे असे समजावे.

तेलाचा स्वतःचा गुण मात्र खरा आहे. द्राक्षबीच्या तेलात लिनोलेइक आम्ल नावाचा स्निग्ध पदार्थ शेकडा साठ ते पंचाहत्तर असतो. १९२९ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांस स्निग्ध पदार्थ मुळीच नसलेला आहार देऊन पाहिला. थोड्याच महिन्यांत उंदरांची कातडी खवलेदार झाली. पुढे त्यांनी दाखविले की, लिनोलेइक आम्ल खाण्यात देताच कातडी पूर्ववत् होते. आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्या सांध्यांत स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो. हा गिलावा घडविण्यास लिनोलेइक आम्ल लागते. तो झिजला की आतील पाणी उडून जाते, त्वचा फुटते, टाचांस भेगा पडतात. मराठवाड्याची पौष महिन्यातली कोरडी हवा ज्यांनी अनुभविली आहे त्यांस हे अधिक समजावून सांगणे नको.

आता गंमत अशी की, हेच आम्ल आपल्या करडईच्या तेलात शेकडा सत्तरांच्या आसपास असते. करडई हे मराठवाड्याचे जुने पीक. ज्वारीच्या शेतात काटेरी कुंपण म्हणून तिच्या ओळी पेरीत. जे द्राक्षबीच्या तेलाच्या लहानशा कुपीत आहे, ते आपल्या आजीच्या बुधल्यात पूर्वीच होते! द्राक्षबीचे तेल अंगास हलके लागते, चिकटत नाही, त्यास वास नसतो, हे आम्ही मान्य करतो. पण टाचेच्या भेगेस हा भेद कळत नाही.

साल ही याहून कठीण बाब आहे. काळ्या द्राक्षाचा रंग सालीत असतो, आणि रेस्वेराट्रॉल हे गाजलेले द्रव्यही सालीतच. मिचिओ ताकाओका या जपानी शास्त्रज्ञाने ते १९३९ साली प्रथम वेगळे केले, तेही द्राक्षातून नव्हे, तर दुसऱ्याच एका वनस्पतीच्या मुळातून. बुरशीचा हल्ला झाला म्हणजे द्राक्षवेल स्वसंरक्षणार्थ हे द्रव्य निर्माण करितो. त्याचे प्रयोगशाळेतील गुण पुष्कळ वर्णिले गेले आहेत. परंतु ते उजेडात टिकत नाही आणि त्वचेत खोल शिरणेही त्यास अवघड जाते. द्राक्षाच्या सालींचा लेप चेहऱ्यास लाविला असता थंड वाटते, मळ निघतो, त्वचा थोडा वेळ मऊ लागते. त्याने सुरकुत्या नाहीशा होतात, या म्हणण्यास आधार पुरेसा नाही.

रसातील आंबटपणाचे तसे नाही. द्राक्षात टार्टारिक आम्ल असते. शीले या स्वीडनच्या रसायनशास्त्रज्ञाने ते १७६९ साली वाइनच्या पिंपात जमणाऱ्या खड्यांपासून वेगळे केले. त्वचेच्या वरच्या मृत पेशींचे बंध सैल करण्याचा गुण अशा आम्लांत आहे, म्हणून आंबट द्राक्षाच्या रसाने चेहरा तुकतुकीत दिसतो. आमच्या घरांत ज्या चिंचेने तांब्याचे हंडे घासतात तिच्यातही हेच आम्ल आहे. यावरून कोणी चिंच चेहऱ्यास चोळू लागेल तर मात्र अनर्थ होईल. आम्लाचे प्रमाण किती हाच येथे सर्व प्रश्न आहे, आणि चिंचेच्या गोळ्यावर प्रमाण लिहिलेले नसते. लिंबाविषयी तर सक्त इशारा द्यावयास हवा. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात आणि ते महिने महिने राहतात. लिंबूही नैसर्गिकच आहे.

सालीची दुसरीही एक बाजू आहे. वेलावर भुरी पडते, केवडा पडतो. त्यांवर बागाईतदार गंधक मारतात, बोर्डो मिश्रण मारतात आणि आणखीही पुष्कळ औषधे फवारतात. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. याचा शोधही त्या बोर्डो प्रांतातलाच. चोरांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलांवर हे निळसर मिश्रण शिंपडीत, त्याच वेलांवर रोग नाही हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले, आणि १८८५ साली त्याने ते प्रसिद्ध केले. फवारलेल्या औषधांचा अंश प्रामुख्याने राहतो तो सालीवर. म्हणजे ज्या सालीत गुण शोधावयाचा तिच्यावरच दोषही बसलेला असतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या द्रव्याचा अंश सापडल्यामुळे आपली द्राक्षे युरोपात अडविली गेली आणि बागाईतदारांचे अतोनात नुकसान झाले. निर्यातीच्या द्राक्षांची तपासणी होत असते, पुण्याजवळ मांजरी येथे द्राक्षांकरिता राष्ट्रीय संशोधन केंद्रही आहे. पण जो चोथा मलमात जावयाचा त्याची तपासणी कोणी केली, हे मलम विकणाऱ्यास विचारण्याचा अधिकार घेणाऱ्यास आहे.

तसेच, विक्रीकरिता सौंदर्यप्रसाधने तयार करणाऱ्यास १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याप्रमाणे परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक, घटक, तयार केल्याचा दिनांक व मुदत ही वेष्टनावर बारीक अक्षरांत असतात; वाचावयाची ती हीच. रंग उजळण्याचे आश्वासन मोठ्या अक्षरांत असते, ते सोडून द्यावे. त्वचेचा वर्ण मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यावर अवलंबून असतो आणि ते किती असावे हे मुख्यत्वे जन्मासोबत येते. आपल्या उन्हात तेच आपले छत्र आहे. द्राक्षाचे कोणतेही मलम ते पुसू शकत नाही, आणि जे मलम खरोखरच पुसते त्यात द्राक्षाखेरीज दुसरे काही असण्याचा संभव मोठा. पारा घातलेली मलमे विकली गेल्याची उदाहरणे जगात थोडी नाहीत.

ज्यांस घरी करून पाहावयाचे असेल त्यांनी असे करावे. चार भाग द्राक्षबीचे किंवा करडईचे तेल आणि एक भाग मधमाश्यांचे शुद्ध मेण एका लहान भांड्यात घ्यावे. ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण वितळू द्यावे; चुलीवर प्रत्यक्ष ठेवू नये. ढवळून कोरड्या डबीत ओतावे. पाण्याचा थेंबही आत जाता कामा नये, कारण पाणी गेले की बुरशी येते. ही तेले लवकर खवट होतात, म्हणून थोडेच करावे व उजेडापासून दूर ठेवावे. लेप हवा असेल तर चांगली धुतलेली दोनचार काळी द्राक्षे सालीसकट ठेचून त्यात मसुरीचे पीठ कालवावे, दहा मिनिटांनी धुऊन टाकावे आणि उरलेला लेप उद्याकरिता ठेवू नये. काहीही चेहऱ्यास लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. खाज सुटली किंवा लाली आली तर तो पदार्थ आपल्याकरिता नव्हे.

या मलमाची गरज चेहऱ्यापेक्षा हातांस अधिक आहे, आणि तीही द्राक्षाच्याच धंद्यातील हातांस. सांगली जिल्ह्यात तासगावकडे बेदाणा करिताना द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व एक तेलकट द्रव्य यांच्या द्रावणात बुडवितात, म्हणजे सालीवरचे मेण सैल होऊन पाणी लवकर उडते. कार्बोनेट हे अल्कधर्मी. द्राक्षाच्या सालीचे जे होते तेच बुडविणाऱ्याच्या कातडीचेही होते. घडांची विरळणी करणाऱ्या बायकांची बोटेही ओल्याने व फवाऱ्याने फुटतात. त्यांनी काम करिताना रबरी हातमोजे घालावे, संध्याकाळी हात स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करावे आणि निजण्यापूर्वी वरील मलम बोटांच्या पेरांत व नखांच्या कडेस चोळावे. करडईचे तेल घेतले तर एवढ्या मलमास खर्च फारसा येत नाही.