श्रद्धा आणि प्रयोग

उपदेशी वासनिकांच्या घरातील शिकलेले तरुण पुष्कळदा विचारतात की, परमेश्वर आहे हे प्रयोगाने सिद्ध करता येईल काय? यावर कोणी वडीलधारे रागावतात. कोणी, स्मरणाने रक्तदाब उतरतो, अशी यंत्राची साक्ष काढतात. ही दोन्ही उत्तरे उणी आहेत.

समुद्रसपाटीवर पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते. आस्तिकाने मोजले काय किंवा नास्तिकाने मोजले काय, आकडा तोच येतो. तेथे मोजणाऱ्याच्या अंतःकरणाचा संबंध नाही. श्रद्धेचा प्रांत निराळा आहे. श्रीचक्रधरस्वामींस अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले. त्यांतील भटोबास, महदाइसा अनुसरली. कित्येकांनी विरोध केला. दर्शन एक, पण निश्चय भिन्न.

स्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर म्हाइंभटांनी शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास ऋद्धिपुरी लीळा संकलित केल्या. ज्यांनी पाहिले, ऐकले, त्यांस विचारून त्यांनी त्या मिळविल्या. नागदेवाचार्यांचे मार्गदर्शन घेतले. एवढ्या शोधनाने काय निश्चित होते? अमुक स्थानी अमुक घडले, अशी जाणत्यांची साक्ष. ते परमेश्वराचे चरित्र होय, ही निष्ठा मात्र ज्याच्या त्याच्या जीवात उपजावी लागते. पोथी हाती देता येते, निष्ठा देता येत नाही. म्हणून नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरणही ज्याचे त्यानेच करावयाचे असते.

शंका : असे असेल तर श्रद्धा हा केवळ मनाचा खेळ ठरतो.

समाधान : ठरत नाही. व्यक्तिगत म्हणजे स्वैर नव्हे. श्रद्धेची परीक्षा आचारात होते. वर्षानुवर्षे स्मरण करूनही वाणी तितकीच कठोर आणि जीवदयेविषयी मन तितकेच कोरडे राहिले असेल, तर साधकाने थांबून स्वतःस विचारावे. मात्र ही कसोटी स्वतःस लावावयाची आहे, शेजाऱ्यास नव्हे.

यंत्राच्या साक्षीवर उभारलेली श्रद्धा उद्या दुसऱ्या यंत्राने उलट आकडा दाखविताच डळमळेल. शिवाय परमेश्वराचे स्मरण हे रक्तदाबाचे औषध नव्हे. तेव्हा तरुणास सरळ सांगावे की, हे प्रयोगाने दाखविता येत नाही. आचरून अनुभवावे लागते. त्यावर तो प्रामाणिकपणे 'अजून पटत नाही' म्हणाला, तर त्यास दूर लोटू नये. म्हाइंभटही प्रथम आले ते वाद करण्यासाठीच.