मोहोर, मार्चएंड आणि मॅरेथॉन

पूर्णगडला मुचकुंदीच्या खाडीजवळ घर, वर सड्यावर हापूसची कलमं, नोकरी बँकांच्या शाखांचे हिशेब तपासण्याची, म्हणजे कायम फिरतीची. त्यात लांब पल्ल्याच्या धावण्याचा नाद. ‘तिन्ही कसं जमवतोस?’ असं लोक विचारतात. तिन्ही एका वेळी जमत नाहीतच. मी त्यांच्या पाळ्या लावल्या आहेत. त्या लावताना जे उमगलं ते असं:

१. वर्षाची आखणी बागेपासून करा.
साहेबाला तारीख पुढे ढकलायला सांगता येतं, मोहोराला नाही. पालवीवरची पहिली फवारणी, बोंगे फुटताना दुसरी आणि मग साधारण दोन-दोन आठवड्यांनी पुढच्या, असा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा क्रम. तुडतुडे, भुरी, करपा कोणासाठी थांबत नाहीत. मुंबई मॅरेथॉन येते जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, ऐन फवारणीत. म्हणून तिचा नाद सोडला आणि सातारा हिल हाफ मॅरेथॉन धरली. ती २०१२ पासून भरते, पावसाळ्याच्या उत्तरार्धात, यवतेश्वरच्या घाटातून. तोवर भाताची लावणी उरकलेली असते आणि फवारणी दूर असते.

२. मार्चमध्ये फक्त सवय टिकवा.
मार्चएंडला शाखा सोडत नाहीत आणि बागेत काढणीची लगबग सुरू होते. झेल्याने आंबा उतरवायचा, निवडायचा, पेट्या भरायच्या. त्यात दमट उकाडा. या दिवसांत अंतर वाढवायला गेलो की झोप तुटते आणि तिन्हीकडे चिडचिड होते. उजाडायच्या आत अर्धा तास हळू धावणं, बस्स. दम नंतर परत मिळवता येतो.

३. यंत्राची काळजी ते बंद असताना घ्या.
फिरतीवर असताना यंत्रं पडून राहतात आणि बिघाड तिथेच जन्म घेतो. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते ओल ओढतं. टाकीत राहिलेलं पेट्रोल ग्रासकटरचा कार्बोरेटर धरतं. बेणणी संपली की टाकी रिकामी करायची, इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरमधलंही संपू द्यायचं. फवारणीच्या पंपातून औषधानंतर स्वच्छ पाणी सोडायचं, पट्टा सैल करून ठेवायचा. पॉवर टिलर चिखलणीनंतर धुऊन, पात्यांना तेलाचा हात फिरवूनच आत घ्यायचा. खाऱ्या हवेत उघडं लोखंड बघता बघता गंजतं.

४. सुटे भाग घरात हवेत.
रत्नागिरी पंचविसेक किलोमीटरवर. एका प्लगसाठी गेलं की अर्धा दिवस संपला. प्लग, पंपाचा पट्टा, पिस्टनचे सील, एअर फिल्टर, स्टार्टरची दोरी, गवत कापायची नायलॉन दोरी, टिलरच्या पात्यांचे बोल्ट एवढं एका पेटीत असतं. झाकणाच्या आत टू-स्ट्रोक तेलाचं प्रमाण रंगाने लिहिलंय. आमच्या कटरला लिटरमागे २० मिली. वापरणारा बदलला तरी अंदाजपंचे तेल पडत नाही.

५. फोनवर दुरुस्ती करायची तर प्रश्नांचा क्रम ठरलेला हवा.
कुडाळला हिशेब तपासत असतो आणि बागेतून फोन येतो, ‘भाऊ, पंप दाब धरत नाही.’ अशा वेळी मी आधी जाळीत कचरा अडकलाय का ते विचारतो, मग ओढ घेणाऱ्या पाइपात हवा शिरते का, आणि शेवटी व्हॉल्व्ह. इंजिन सुरू होत नसेल तर पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का, फिल्टर चोंदलाय का. निम्म्या वेळा तिथेच सुटतं. न सुटलं तर निदान कुठला भाग घेऊन घरी यायचं ते कळतं. प्रत्येक बिघाड तारखेसह वहीत जातो.

६. अंगमेहनत हिशेबात धरा.
दिवसभर खांद्याला ग्रासकटर अडकवून उतारावर बेणणी केली की कंबर, पोटऱ्या, मनगटं सगळं कामाला लागतं. दुसऱ्या दिवशी लांबचं धावणं ठेवत नाही. फवारणीच्या दिवशी तर मुळीच धावत नाही. मुखपट्टी, हातमोजे, अंघोळ, पेज आणि झोप.

७. गावात अंतर मोजा, परगावी वेळ.
पूर्णगडचा रस्ता मला पाठ आहे. पुलावरून गावखडीपर्यंत सपाट आणि पावसच्या बाजूला सड्याची चढण. साताऱ्याच्या घाटाची तयारी त्या चढणीवर होते. पावसात जांभ्याच्या पाखाडीवर शेवाळ धरतं, तेव्हा डांबर सोडायचं नाही. कातळावर फुरशांची भीती, म्हणून अंधारात विजेरी हवीच. परगावी मात्र रस्ते, कुत्री, वाहनं काहीच माहीत नसतं. तिथे किलोमीटरच्या मागे न लागता पाऊण तास धावतो आणि लॉजवर परततो.

८. गाडीचं वेळापत्रकही ऋतूचंच.
कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्यांचा वेग उतरतो आणि वेळा बदलतात. गणपतीत तर तिकीट मिळणं मुश्कील. त्या महिन्यांत जवळच्या शाखा मागून घेतो, लांबच्या हिवाळ्याआधी उरकतो. गाडीतून उतरल्या दिवशी पाय जड असतात, तेव्हा फक्त चालणं.

९. अडचण आली तर काय सोडायचं, ते आधीच घरात बोलून ठेवा.
आमच्याकडे क्रम ठरलाय: पंप, नोकरी, मग धावणं. आई एरवी शर्यतीच्या पदकांचं कौतुक करते, पण बोंगे फुटायला लागले की स्पष्ट सांगते, ‘आधी पंप बघ.’ तिचं बरोबर आहे. शर्यतीची फी बुडाली तर पुढल्या वर्षी पुन्हा भरता येते. बोंग्यावरची फवारणी हुकली तर ती मागाहून भरून काढता येत नाही.